निधी कमी होणारच आहे, पण दर वाढवण्याआधी नमुना ८ उघडा

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. गुहागर तालुक्यातलं लहान गाव, पहिल्यांदाच सरपंच झालात, वित्त आयोगाचा हप्ता वेळेवर येत नाही, आला तर मोठा भाग बंधित (ठरलेल्या कामांवरच खर्चायचा), पथदिव्यांचं बिल थकलेलं, आणि दर ग्रामसभेत नवा जाब. शेवटी विचारलंय की घरपट्टीचे दर वाढवू का. त्या एका वाक्यासाठी लिहायला बसले. देवगड तालुक्यातल्या एका गावाची मी २०१७ ते २०२२ सरपंच होते आणि याच प्रश्नावर माझा निर्णय साफ चुकला होता.

आराखडा, ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस ही हिशेब-पेमेंटची सरकारी पोर्टलं, हे सगळं तुमच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आमच्या वेळी ग्रामसेवक म्हणत) ठाऊक असणार, त्यात जात नाही. निधीचं चित्र मात्र मनात पक्कं ठेवा. चौदाव्या आयोगाचा पैसा २०१५ ते २०२० पूर्ण ग्रामपंचायतीलाच मिळत होता. पंधराव्यात आपल्या राज्यात ८० टक्के ग्रामपंचायत, १० टक्के पंचायत समिती, १० टक्के जिल्हा परिषद अशी वाटणी झाली. बंधित भाग पहिल्या वर्षी निम्मा होता, २०२१-२२ पासून ६० टक्के. म्हणजे शंभरातले साठ रुपये पाणी आणि स्वच्छतेसाठीच. साकव, दिवे, अंगणवाडीचं गळकं छप्पर हे सगळं उरलेल्या चाळिसात. शिवाय निवडून आलेली बॉडी नसेल तर पैसा नाही. २०२२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर प्रशासक आले तेव्हा त्यांचा हिस्सा कसा अडकला ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पंधराव्याची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, पुढची पाच वर्षं सोळाव्या आयोगाची. माझं स्पष्ट मत असं की आयोग कुठलाही असो, अटी वाढतील आणि मोकळा पैसा कमी होत जाईल. गावाच्या हातात उरतं ते स्वतःचं उत्पन्न. आणि स्वतःचं उत्पन्न दरावर नाही, नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही, किती खरा आहे त्यावर ठरतं.

आता माझी चूक. डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलून घरपट्टी भांडवली मूल्यावर, म्हणजे जमीन आणि बांधकामाच्या किमतीवर, आली. फेरआकारणी चार वर्षांनी करायची असते. आमची २०१९ मध्ये आली. कर्मचारी दोन, त्यातला एक पंपचालक. मोजमापं कोण घेणार? एक एजन्सी आली, घरामागे इतके रुपये घेऊ म्हणाली, महिन्यात यादी देतो म्हणाली. मासिक सभेत ठराव केला आणि मी सही केली. ४१२ घरं, आणि एजन्सीची मुलं भर पावसात मोजायला आली. अर्ध्या घरांना कुलूप. मुलांनी गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) बघून आकडे टाकले.

यादी आली तेव्हा मी एकूण मागणी, म्हणजे गावाकडून येणं असलेली पट्टी, तेवढी बघितली. ती दीडपट झाली होती, मला आनंदच झाला. एकेक ओळ वाचायला मला दोन रात्री पुरल्या असत्या. त्या मी दिल्या नाहीत.

बिलं वाटली आणि गाव पेटलं. खळ्यात (घरापुढच्या अंगणात) घातलेला पत्र्याचा मांडव पक्कं बांधकाम म्हणून लागलेला. गोठा घरात धरलेला. बागेतला मांगर, जिथे आंब्याच्या पेट्या भरतात, तो राहतं घर. आणि समुद्राकडच्या बाजूला सहा खोल्यांचा होमस्टे मात्र साधं निवासी घर म्हणून बसलेला, जुन्याच मापात. वरच्या वाडीतल्या एका आजीने ग्रामसभेत बिल माझ्यासमोर धरलं. "माझ्या खळ्याक पट्टी लावलास गो? खळां काय घर आसा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही ते बिल डोळ्यांसमोर येतं, हळदीच्या बोटांचे डाग पडलेलं.

बंद घरांची कथा वेगळी. चाकरमान्यांची बिलं दाराच्या फटीतून आत सरकवली होती. गणपतीत दारं उघडली तेव्हा अर्धी वाळवीने खाल्लेली. उरलेल्यांवर कुणाच्या पणजोबांचं नाव, कुणाच्या सामायिक घराला पाच भावांपैकी भलत्याच एकाचं. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मुंबईला परत गेला.

वसुली आमची कधी ऐंशी टक्क्यांच्या खाली गेली नव्हती, ती पन्नासच्या आसपास आली. खरा फटका पुढे बसला. २०२० मध्ये कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनातला शासनाचा हिस्सा करवसुलीशी बांधला गेला. आमची वसुली पडलेली, म्हणजे तो हिस्साही कापला. पंपचालकाचा पगार पाच महिने राहिला. भला माणूस, पहाटे साडेचारला टाकीवर जायचा. शेवटी चावी टेबलावर ठेवून म्हणाला, ताई, गोव्याला काम मिळालंय. एप्रिलमध्ये नळ बंद. पुढच्याच महिन्यात, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळाने विजेचे खांब झोपवले तेव्हा ग्रामनिधीत दुरुस्तीपुरते पैसे नव्हते.

चूक सुधारायला निघालो तर वेगळाच अनुभव. यादी दुरुस्त करण्याचं मार्गदर्शन मागायला एका कार्यालयात पत्र दिलं. कार्यालयाचं नाव घेत नाही. अकरा महिने गेले. एकदा ठरावाची प्रत नाही, एकदा प्रतीवर तारीख अस्पष्ट, एकदा साहेब बदलले, नवीन साहेबांना पुन्हा सगळं समजावा. एकही त्रुटी लेखी दिली नाही, सगळं तोंडी. देवगडहून एसटीने जायचं, दिवस मोडायचा, चहा पिऊन परत यायचं. अजून राग येतो, कारण त्या अकरा महिन्यांत कुणाला पाणी नव्हतं आणि कुणाचा पगार नव्हता. तेव्हा एवढंच सांगते: पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. त्रुटी तोंडी सांगितली तर त्याच दिवशी 'आपण आज असे सांगितले' असं पत्र त्यांच्या आवक नोंदीला टाका. मी हे नवव्या महिन्यात शिकले. त्यानंतर दोन महिन्यांत काम झालं.

शेवटी आम्ही यादी स्वतः केली. वाडीतली बारावी झालेली चार मुलं, टेप आणि वही. मे महिन्यात मोजलं, कारण तेव्हा घरं उघडी असतात आणि माणसं निवांत असतात. गणपतीत पट्टीचा विषय काढू नका, लोकांना ते लागतं. मोजताना घरमालकाची सही तिथेच घ्यायची, फोन नंबर लिहायचा, बिल व्हॉट्सअॅपवर, सोबत क्यूआर. प्रारूप यादी वाडीवाडीत मोठ्याने वाचली. हरकती आल्या, पण भांडणं नाहीत. दर एक पैसाही वाढवला नाही. होमस्टे, दोन नव्या बंगल्यांचे वरचे मजले आणि मोबाईल टॉवर नीट लागले एवढ्यावरच मागणी एजन्सीच्या फुगवलेल्या आकड्याच्या जवळ गेली, आणि ती खरोखर वसूल झाली. टॉवरवाले सुरुवातीला नाही म्हणतात. त्यांना सांगा की टॉवरवर मालमत्ता कर लागतो हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्येच मान्य केलंय.

हे माझ्या गावापुरतं. तुमच्याकडे गावठाण, वाड्या, वाद वेगळे असतील, आणि परिपत्रकं बदलत असतात, चालू असलेलं समोर ठेवूनच ठराव करा. मी वकील नाही.

जाता जाता काही गोष्टी. स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीय, १० टक्के महिला-बालकल्याण, ५ टक्के दिव्यांग यासाठी आधीच बाजूला जातात, तेव्हा वाढलेले शंभर रुपये सत्तर समजून बजेट करा. ३० सप्टेंबरच्या आत भरणाऱ्याला ५ टक्के सूट असते, ती चाकरमान्यांच्या ग्रुपवर ऑगस्टमध्येच टाका. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची बदली होणार अशी कुणकुण लागली तर देणी आधी काढा. नवीन माणसाची डिजिटल सही नोंद होईपर्यंत पेमेंट थांबतं. जलजीवन मिशनची नळपाणी योजना झाली असेल तर बांधकाम शासनाचं, पण पंपाचं बिल, मोटर आणि माणूस कायमचा गावाचा. पाणीपट्टीचं खातं वेगळं ठेवा आणि तिला घरपट्टीच्या तुटीसाठी हात लावू नका. कमान बांधू नका. लोक मागतील, तरी नको. आणि थकबाकी माफ होणार अशी अफवा दर दोन वर्षांनी येते, त्या वर्षी नियमित भरणाऱ्यांच्या घरी स्वतः जा, कारण तेच आधी नाराज होतात.

तुमच्या पोस्टमध्ये पथदिव्यांचं बिल आहे, रस्ता आहे, पण पंपचालकाचा पगार किती महिने राहिलाय ते नाही. तेवढं आधी कळवा, आणि नमुना ८ ची कुठलीही दोन पानं नावं झाकून टाका. मी बघते.