स्कार्फ विणायला घेतला, झाला पतंग

या वेळच्या पत्रांत तोरण नाही की रुखवतातला रुमाल नाही, सगळ्यांना क्रोशाचा तिकोनी स्कार्फच हवाय. मागच्या अंकातल्या फोटोचा परिणाम असणार. तर एकेक घेऊ.

प्रश्न : मधून सुरू करून खाली वाढत जाणारा तीन-तीन खांबांच्या (उभ्या टाक्यांच्या) गटांचा तिकोनी स्कार्फ करतेय. १५ ओळी झाल्यात, शेवटच्या ओळीत १६ गट आहेत. वरची कड सरळ यायला हवी ना, पण ती मधे टोकासारखी वर आलीय आणि दोन्ही बाजू खाली उतरल्यात. नवरा म्हणतो पतंग छान झालाय. काय चुकलं? (नाशिक)

सगळ्यात आधी, गट मोजून लिहिलेत त्याबद्दल तुम्हाला शंभर मार्क, कारण लोक फक्त "बिघडलं" एवढंच लिहितात आणि मग आम्ही इथे बसून अंदाज बांधतो.

या विणीचा हिशोब एकदम सोपा आहे. पहिल्या ओळीत २ गट, दुसरीत ४, तिसरीत ६, म्हणजे ओळीचा नंबर गुणिले दोन. १५व्या ओळीत ३० हवेत आणि तुमचे आहेत १६, म्हणजे दर ओळीला दोन गट वाढायचे तिथे एकच वाढलाय. आता हा एक गट कुठे राहतो ते मला फोटो न बघता पण सांगता येईल, ओळीच्या शेवटच्या भोकात, म्हणजे पुढच्या ओळीचा गट जिथे घालतो त्या फटीत. आपण ओळ सुरू करताना चार साखळ्या घालतो ना, त्यातल्या तीन म्हणजे एक खांब आणि चौथी म्हणजे भोक, आणि परत येताना ते भोक पिळवटून असं मागे वळलेलं असतं की ते भोक आहे हेच कळत नाही, खांबाचाच भाग वाटतो. मग त्याच्या अलीकडच्या भोकात गट घालून, शेवटचा एक खांब टाकून आपण काम उलटवतो. आता गंमत अशी की काम दर ओळीला उलटवत असल्यामुळे चूक एकदा डावीकडे होते आणि एकदा उजवीकडे, त्यामुळे स्कार्फ एका बाजूला कलत वगैरे नाही, छान सारखा दिसतो आणि १५ ओळी होईपर्यंत शंकाच येत नाही. एकाच बाजूला चुकला असतात तर पाचव्या ओळीलाच पकडलं असतं.

उपाय? उसवा. सॉरी. मधे कुठे वाढवून जमवायला जाऊ नका, कड अजूनच वेडीवाकडी होईल. नव्याने करताना चार साखळ्या घातल्या की लगेच चौथ्या साखळीच्या खाली एक सेफ्टी पिन अडकवा, परत येताना ती पिन दिसली म्हणजे इथे तीन खांब, एक साखळी आणि मग चार साखळ्यांतल्या तिसरीत शेवटचा खांब. आणि दर पाच ओळींनी मोजा, १०, २०, ३०. मधल्या टोकाला तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब हे तुमचं बरोबरच असणार, नाहीतर १६ पण झाले नसते.

गट बरोबर आहेत आणि तरी वरची कड आवळल्यासारखी ओढली जातेय असं कुणाचं असेल तर हात घट्ट आहे, वळणाच्या साखळ्या चाराऐवजी पाच घालून बघा.

प्रश्न : ५० ग्रॅमचा पहिला गुंडा २० ओळींना पुरला. मला ४० ओळी करायच्या आहेत म्हणून अजून एकच आणला तर तो २८व्या ओळीलाच संपत आला! दुसऱ्या गुंड्यात लोकर कमी भरली होती का? (नागपूर)

नाही हो, दुकानदाराला बोल लावू नका, त्रिकोणच असा आहे. पहिली ओळ दोन गटांची आणि ४०वी ८० गटांची, त्या एकट्या ओळीला पहिल्या ८ ओळींपेक्षा जास्त लोकर लागते. पूर्ण हिशोब करायचा तर २० ओळींत मिळून ४२० गट होतात, २८ ओळींत ८१२ आणि ४० ओळींत १६४०. म्हणजे ओळी दुप्पट केल्या की लोकर जवळजवळ चौपट. तुम्हाला चार गुंडे लागणार, आणि खाली गोंडे लावायचे असतील तर पाचवा पण घ्याच, गोंडे फार लोकर खातात.

आता जे दोन आणाल त्यावरचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर) जुन्या लेबलशी जुळवून घ्या. लेबल फेकलं असेल तर दोन्ही लोकरी उन्हात शेजारी धरून बघा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही. माझी एक जांभळी शाल आहे, तिच्या खालच्या चार बोटांचा जांभळा वेगळाच आहे, "एकच आहे हो ताई" असं ऐकून घेतलेला. लॉट मिळालाच नाही तर सरळ दुसरा रंग घ्या, मुद्दाम केल्यासारखं तरी दिसतं.

आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. ओळीच्या आधी गुंडा ठेवा, ओळ झाल्यावर परत ठेवा. समजा ९ ग्रॅम गेले आणि उरलेत १५, तर अजून एकच ओळ होणार, दुसरी अर्ध्यात अडकेल. अंगावर घ्यायचा तर वरच्या कडेची लांबी मधल्या खोलीच्या दुप्पट येते हे पण लक्षात असू द्या, मधे ६० सेंमी खोल झाला की वरची कड १२०. गळ्याभोवती गुंडाळायला तेवढा पुरे, खांद्यावर शाल म्हणून हवा तर अजून हवा.

प्रश्न : मुलीने अमेरिकेतून पॅटर्न पाठवलाय, त्यात "डबल" लिहिलंय. मी जुन्या इंग्लिश पुस्तकावरून शिकले, त्याप्रमाणे विणलं तर एवढंसं, जाड, कडक काहीतरी झालं. (ठाणे)

कारण ब्रिटिश डबल म्हणजे आपला मुका खांब, अगदी बुटका टाका, आणि अमेरिकन डबल म्हणजे आपला साधा खांब, ज्याला ब्रिटिश ट्रेबल म्हणतात. तुम्ही पूर्ण स्कार्फ मुक्या खांबांनी विणलात, मग पायपुसण्यासारखा होणारच. पॅटर्नमध्ये कुठेही "सिंगल" शब्द दिसला की समजायचं अमेरिकन आहे, आजच्या ब्रिटिश पद्धतीत सिंगल नसतोच. सुईचंही तसंच, त्यांची "एच" म्हणजे ५ मिमी आणि "आय" म्हणजे साडेपाच. आपल्या आज्यांनी खांब, अर्धा खांब, मुका खांब म्हणून हा घोळ कधी होऊच दिला नाही, मी तर पॅटर्न हातात आला की पहिल्यांदा पेन्सिलने सगळीकडे तेच लिहून काढते.

प्रश्न : कडा वळतात म्हणून इस्त्री केली, स्कार्फ चपटा आणि लुळा पडला. परत फुगेल का? (सातारा)

ॲक्रिलिक होतं ना? मग नाही फुगणार. लोकरी दिसलं तरी ते प्लास्टिकचंच भावंड, गरम इस्त्री टेकली की धागा मरतो. पुढच्या वेळी ओला करून टॉवेलमध्ये दाबा, गादीवर पसरून तिन्ही टोकांना टाचण्या लावा आणि पंख्याखाली वाळवा. हा मात्र लुळा पडलाय तर उन्हाळ्यात ओढणीसारखा घ्या, झुळझुळीत पडतो चांगला.

प्रश्न : रत्नागिरीत लोकर घालायची कधी? सुती दोऱ्याने होईल का?

होईल की. फक्त तोरणाचा बारीक दोरा घेऊ नका, वर्ष जाईल, जाड सुती घ्या आणि सुई ४ मिमीची. आणि धुतल्यावर दोरीवर लटकवू नका, ओल्या सुताच्या वजनाने खालचं टोक गुडघ्यापर्यंत येतं.