उसवता येतं का?

प्रश्न: मी घरी ब्लाउज शिवते. एका बुटीकमध्ये अल्टरच्या कामासाठी बोलावलंय, 'तासभर बसून काम करून दाखवा' म्हणाल्यात. सर्टिफिकेट नाही. काय बघतील?

उत्तर: कपडा उलटा करून बघतील. आत दोऱ्यांची शेपटं लोंबतायत का, टिपेच्या दोन्ही टोकांना दोन-तीन टाके मागे घेऊन ती पक्की केलीय का. माझ्याकडे कुणी कामाला आली की मशीनवर बसवायच्या आधी मी तिला उसवायला देते. ब्लेडनं फराफरा ओढत सुटली, की मला कळायचं ते कळतं. एका बाजूचा दोरा दर चार-पाच टाक्यांवर कापायचा, कापड उलटवून दुसऱ्या बाजूचा हळूच ओढायचा. तो सरसर निघून येतो. आणि दोऱ्याचा रंग रिळावर जोखू नका, एक पदर सोडून कापडावर टाका. जुळलाच नाही तर किंचित गडद घ्या, फिका उठून दिसतो.

प्रश्न: पैठणीवरचा सिल्कचा ब्लाउज छातीत 2 इंच घट्ट होतोय. सैल होईल?

उत्तर: आधी काखेखालची माया, म्हणजे टिपेबाहेर आत सोडलेलं जादा कापड, मोजा. दोन बाजू, प्रत्येक बाजूला पुढचा-मागचा भाग, म्हणजे चार ठिकाणी फक्त अर्धा-अर्धा इंच सोडायचाय. नव्या टिपेबाहेर निदान पाव इंच उरायला हवा, म्हणून माया पाऊण इंच तरी पाहिजे. बरेच शिंपी शेजारी-शेजारी दोन-तीन टिपा मारून ठेवतात, त्या याचसाठी. तेव्हा आतली उसवली की काम झालं. तशा नसतील तर नवी टीप आधी मारा, जुनी नंतर उसवा. म्हणजे अस्तर आणि कापड सरकत नाही. नवी रेघ बाहीपासून कमरेपर्यंत सलग उतरवा, नुसतं छातीपाशी फुगवलंत तर काखेत चुण्या पडतात.

सिल्कवर मात्र सुईची जुनी भोकं राहतात, इस्त्रीनंही जात नाहीत. कमरेपाशी इंचभर उसवून बघा आणि मगच ठरवा. माझ्या स्वतःच्या एका ब्लाउजवर ती रांग अजून आहे, हात खाली ठेवून वावरते!

प्रश्न: मुलाची जीन्स मापानं आखूड केली, धुतल्यावर घोट्याच्या वर गेली.

उत्तर: न धुतलेली जीन्स कापायचीच नाही, सुती कापड आटतं. धुवा, वाळवा, बूट घालून उभं करा, मग खूण करा. सुई 16 नंबरची. कडेच्या जाड जोडावर ती मोडते, म्हणून जोड बत्त्यानं ठोकून चपटा करा आणि प्रेसर फुटाच्या, म्हणजे मशीनवर कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, मागे कापडाची घडी सरकवा, म्हणजे फूट तिरका होत नाही.

प्रश्न: स्कर्टची चेन लावली की मागून उघडते.

उत्तर: दात शाबूत असतील तर रनर, म्हणजे चेन लावताना सरकवतो तो भाग, सैल झालाय. पक्कडीनं त्याच्या मागच्या टोकाच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबा, लावून बघा, पुन्हा दाबा. जोर केलात तर रनर जागीच अडकेल.