विहिरीकडचा एकर विकून लेकीला विलायतेला पाठवावं का?

तासगाव तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. घरी ३ एकर द्राक्षबाग, माल बेदाण्याला जातो. मुलगी सांगलीत बीबीएच्या शेवटच्या वर्षाला, मुलगा दहावीत. मुलीला ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात इंटरनॅशनल बिझनेस अँड मॅनेजमेंटच्या एमएस्सीला प्रवेश मिळालाय. कोर्स १ वर्षाचा, फी १७,५०० पौंड. एजंटानं एकूण खर्च २९ लाख सांगितलाय. शेजारी विहिरीकडचा एकर ३० लाखांना घ्यायला तयार आहे. ठेवी ८ लाख (त्यातल्या ३ लाख पतसंस्थेत), सोसायटीचं पीककर्ज ४ लाख, कुपवाडला २ गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट. पुढच्या महिन्यात विद्यापीठाला २ लाख डिपॉझिट भरायचंय. त्या विचारतात, एकर विकू का?

नमस्कार ताई,

विकू नका. आणि यंदा पाठवूही नका. दुसरं वाक्य वाचून लेक माझ्यावर चिडेल, पण आधी हिशेब बघू.

एजंटाच्या कागदावर फी आहे आणि राहण्याखाण्याचे ८ लाख आहेत. हे ८ लाख कुठून आले कोण जाणे. लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याकडं महिन्याला १,१७१ पौंड, असे ९ महिन्यांचे पैसे आहेत हे ब्रिटन सरकार व्हिसा देताना बघतं, आणि ती रक्कम २८ दिवस खात्यात असावी लागते. पोरगी तिथं राहणार मात्र १२ महिने. पौंड ११८ रुपये धरला तर फी २० लाख ६५ हजार, राहणं साडेसोळा लाख, व्हिसा फी आणि आरोग्य अधिभार मिळून २ लाखांच्या आसपास, तिकीट, गरम कपडे आणि सुरुवातीची सोय यांना लाखभर. झाले ४० लाख. पौंड ५ रुपयांनी चढला तर फी आणि राहण्याच्या खर्चातच दीड लाखाची भर. "ती तिकडं पार्टटाइम करून भागवेल" असं एजंट म्हणाला असेल. कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि तेही काम मिळालं तर.

म्हणजे एकर विकूनसुद्धा १० लाख कमी पडतात. ठेवी मोडल्या तरी पुरत नाही.

आता त्या एकराकडं या. तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय की शेजाऱ्याला विहिरीकडचाच तुकडा हवाय. ताई, त्याला तोच का हवाय हे तुम्हालाही ठाऊक आहे. खरेदीखतात विहिरीचा हिस्सा आणि पाइपलाइनची वाट कशी लिहितात, यावरून आपल्याकडं सख्ख्या भावांची कोर्टकचेरी झालेली मी पाहिलीय. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी ओढायचं आणि पाळी शेजाऱ्याच्या हातात, मग उरलेल्या दोन एकरांची किंमत काय राहणार? तुमच्या म्हणण्याप्रमाणं एकरी चांगल्या सालात अडीच लाख सुटतात. विहीर गेली की तिन्ही एकरांच्या साडेसात लाखांवर पाणी सोडायची वेळ येईल. शिवाय जमीन वडिलार्जित आहे, त्यात दहावीतल्या पोराचाही हक्क आहे आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर लेकीचाही तेवढाच. एकाच्या शिक्षणाला सगळ्यांचं पाणी विकू नये. गावाकडची शेतजमीन विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही हे एजंटानं बरोबर सांगितलं (सांगली महापालिकेच्या हद्दीपासून ६ किलोमीटरच्या आत नसली पाहिजे, तुमची नाही). पण कर लागत नाही म्हणून विकायची, हे काही कारण नव्हे.

मग कर्ज? शेतजमीन तारण ठेवून शैक्षणिक कर्ज द्यायला बँका सहसा राजी नसतात, कारण कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण जप्त करू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. बँकेला जप्ती सोपी नसते. कुपवाडचा प्लॉट मात्र चालेल, साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं असेल तर तारण मागतातच. मैत्रिणीनं सांगितलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे, ब्रिटनसाठी तिचा उपयोग नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची आयकरात वजावट मिळते, पण जुन्या करपद्धतीतच. तुमच्या मालकांचं उत्पन्न शेतीचं, त्यावर करच नाही, तर वजावट कशातून घेणार?

समजा १० लाख घरचे आणि ३० लाख कर्ज, व्याज साडेदहा टक्के. कोर्सचं वर्ष आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चढतं, ६ लाख ३० हजार. मग १० वर्षांचा हप्ता बसतो महिन्याला ४९ हजार. हा हप्ता पौंडात कमावून फेडायचा असं गृहीत धरूनच सगळे निघतात. पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना तिथं काम शोधायला २ वर्षांऐवजी १८ महिने मिळणार आहेत. त्यानंतर राहायचं तर व्हिसा पुरस्कृत करणारी कंपनी हवी आणि नवख्यालाही वर्षाला किमान ३३,४०० पौंड पगार हवा. जमलं नाही तर परत पुण्यात. तिथं निर्यातीची कागदपत्रं सांभाळणाऱ्या नवख्या मुलीला माझ्या माहितीप्रमाणं २५ ते ३५ हजार मिळतात. कर्ज किती काढायचं हे या आकड्यावरून ठरवायचं असतं. ३० हजारांच्या पगारातून ४९ हजार जातील कसे?

तुमची लेक काय शिकायला निघालीय ते मला आवडलं, हे खोटं नाही. पण गंमत बघा, तिचा विषय तुमच्या रॅकवर वाळतोय. सांगलीचा बेदाणा आणि सांगलीची हळद, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. मागच्या वर्षी मार्केट यार्डातल्या एका हळद निर्यातदाराच्या ऑफिसात बसलो होतो. २३-२४ वर्षांची एक मुलगी फोन खांद्यात धरून न्हावा शेवा बंदरातल्या एजंटाशी भांडत होती. शिपिंग बिलात वजन एक आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवर (मालात रोग-कीड नसल्याच्या दाखल्यावर) दुसरं, ग्राहकाची बँक एलसीचे, म्हणजे कागद बरोबर असले तर द्यायची हमी दिलेले, पैसे अडवणार. अर्ध्या तासात तिनं ते मिटवलं. मालक मला हळूच म्हणाला, हिला सोडून दुसरं कोण ठेवणार?

म्हणून माझं म्हणणं असं. विद्यापीठाकडं प्रवेश एक वर्ष पुढं ढकलायची विनंती करा, बहुतेक ठिकाणी ती सोय असते. या वर्षात लेकीनं एखाद्या बेदाणा किंवा हळद निर्यातदाराकडं पगारी नोकरी करावी, पगार कमी असला तरी. एफओबी आणि सीआयएफ या निर्यातीच्या सौद्यांमध्ये विमा कुणी काढायचा, हे तिला पुस्तकाआधी कंटेनरजवळ कळू दे. सोबत एमबीएच्या प्रवेशासाठी कॅट आणि स्नॅप या परीक्षा द्याव्यात. दिल्लीची आयआयएफटी ही संस्था १९६३ पासून हाच विषय शिकवते, पुण्याचं सिंबायोसिसचं एसआयआयबी हे कॉलेज १९९२ पासून, आणि एसआयआयबीतून ती एसटीनं घरी येऊ शकते. वर्षानंतरही ब्रिटनच हवं असेल तर प्लॉटवर १५ लाखांपर्यंत कर्ज, आणि उरलेलं शिष्यवृत्तीतून किंवा स्वस्त विद्यापीठातून जमतंय का बघायचं. १५ लाखांचा हप्ताही साडेचोवीस हजारांच्या आसपास जातो. तो तिच्या पगारातून निघणं अवघडच आहे, पण द्राक्षाचं एखादं साल वाया गेलं तरी घर त्याला आधार देऊ शकेल.

पतसंस्थेतले ३ लाख मुदत संपली की बँकेत हलवा. बँकेच्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. पहिले पैसे सोसायटीचं पीककर्ज वेळेत भरायला काढून ठेवा, नाहीतर व्याजसवलत जाईल.

डिपॉझिटची तारीख जवळ आहे, म्हणून एवढं आजच करा. ऑफर लेटरमध्ये डिपॉझिट परत कधी मिळतं आणि कधी नाही, ते पान मला पाठवा. ते वाचून होईपर्यंत एजंटाला एक रुपयाही देऊ नका.