हवाई लढाईत विमाने ‘पाडली’ की ‘गमावली’?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात झालेल्या लढाईवरील एका मराठी लेखाच्या आरंभी ‘१५ सप्टेंबर रोजी जर्मनीची १८५ लढाऊ विमाने पाडण्यात आली’ असे वाक्य आहे आणि त्याच लेखात पुढे ‘त्या दिवशी जर्मनीने सुमारे ६० विमाने गमावली’ असेही लिहिले आहे. हे आकडे जुळत का नाहीत, ‘पाडणे’ आणि ‘गमावणे’ यांच्या अर्थात फरक आहे की पुनरुक्ती टाळण्यासाठी शब्द बदलला आहे, आणि ‘विमाने गमावली’ ही रचना इंग्रजीच्या छायेतली तर नाही ना, असे त्यांनी विचारले आहे.

आकडे दोन वेगळ्या वह्यांतले आहेत, आणि लेखकाने क्रियापदे निवडताना तिकडे लक्ष दिलेले नाही. १८५ हा ब्रिटिश हवाई मंत्रालयाने त्या वेळी जाहीर केलेला दावा होता. युद्ध संपल्यावर जर्मन हवाई दलाची कागदपत्रे हाती आली, तेव्हा त्या दिवशीची जर्मन हानी साठच्या आसपास निघाली. पाडणारा आपली वही लिहितो आणि ज्याचे विमान गेले तो आपली वेगळी लिहितो. मराठीत या दोन वह्यांसाठी क्रियापदेही वेगळी आहेत आणि ती जपून वापरली, तर आकडा कोणाच्या तोंडचा आहे हे वाचकाला वेगळे सांगावेही लागत नाही.

‘पडणे’पासून ‘पाडणे’ हे ‘मरणे’पासून ‘मारणे’ व्हावे तसे झाले आहे. ‘पाडणे’ म्हटले की पाडणारा आलाच, आणि ‘मी पाडले’ म्हणणाऱ्याने आपल्या माऱ्याने ते पडले हे जाणलेले असले पाहिजे, अशी आपली अपेक्षा असते. १९४० साली हे जाणणे फार अवघड होते. ब्रिटिशांच्या स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही लढाऊ विमानांच्या पंखांत आठ मशीनगन असत आणि सर्व मिळून दारूगोळा जेमतेम पंधरा सेकंद पुरेल इतकाच असे. वैमानिक दोन-तीन सेकंदांची फैर झाडी आणि तत्क्षणी वळून निघून जाई, कारण एका विमानामागे रेंगाळणे म्हणजे आपल्या पाठीवर दुसरे घेणे. जर्मन मेसरश्मिट लढाऊ विमान पूर्ण शक्तीने खाली सूर मारू लागले की त्याच्या इंजिनातून काळा धूर निघे. वरून पाहणाऱ्याला ते पेटून पडते आहे असे वाटे, आणि ते मात्र ढगांखाली सरळ होऊन फ्रान्सकडे निघून गेलेले असे. शिवाय एकाच विमानावर तिघाचौघांनी वेगवेगळ्या बाजूंनी मारा केलेला असे आणि प्रत्येकाच्या अहवालात ते प्रामाणिकपणे एकेकदा नोंदले जाई. म्हणूनच ब्रिटिश अहवालांत दाव्यांचे तीन वर्ग होते. मराठीत ते ‘पाडले’, ‘बहुधा पाडले’ आणि ‘नुकसान केले’ असे सहज मांडता येतात. यांतील दुसरा वर्ग मराठी लेखांत हटकून गाळला जातो किंवा पहिल्यात मिसळला जातो. ‘बहुधा’ हा तीन अक्षरांचा शब्द तेथे असायलाच हवा.

याच १५ सप्टेंबरची एक घटना क्रियापदांच्या दृष्टीने नीट पाहण्यासारखी आहे. डॉर्निअर जातीचे एक जर्मन बॉम्बफेकी विमान अनेक लढाऊ विमानांच्या माऱ्याने जर्जर होऊन मध्य लंडनवर आले होते. त्यातील काही जण मरण पावले होते आणि इतरांनी हवाईछत्र्यांनी उड्या टाकल्या होत्या. रे होम्स या ब्रिटिश वैमानिकाचे हरिकेन या डॉर्निअरच्या शेपटीकडील भागावर जाऊन आदळले. डॉर्निअर व्हिक्टोरिया स्थानकापाशी कोसळले, होम्सचे हरिकेन जवळच्याच रस्त्यावर पडले आणि होम्स स्वतः हवाईछत्रीने सुखरूप उतरला. आता हे डॉर्निअर कोणी पाडले? होम्सने, हे खरे. पण आधी ज्यांनी त्याच्यावर मारा केला होता, त्यांपैकी एकाहून अधिक जणांनी ते आपल्या नावावर धरले होते, आणि त्यांचेही म्हणणे खोटे नव्हते. होम्सचे हरिकेन ‘जर्मनांनी पाडले’ असे लिहिणे चूक, पण ते ब्रिटिशांनी ‘गमावले’ हे निर्विवाद. जर्मनांच्या वहीत एक विमान आणि त्यातील माणसे गेली, ब्रिटिशांच्या वहीत एक विमान गेले आणि वैमानिक राहिला. ‘दोन्ही बाजूंचे एकेक विमान पडले’ एवढेच लिहिले, तर वाक्यात चूक काहीच नाही, पण घडलेली गोष्ट त्यातून निसटून जाते.

‘पाडण्यात आली’ या रूपाविषयी माझा आक्षेप स्पष्टच नोंदवतो. सरकारी पत्रकांच्या मराठीतून आलेली ही कर्मणी रचना कर्त्याला पडद्याआड करते. आकडा जर पाडणाऱ्याच्या दाव्याचा असेल, तर कर्ता वाक्यात दिसलाच पाहिजे, म्हणजे ‘पाडल्याचे ब्रिटिशांनी जाहीर केले’ असे लिहिले पाहिजे. ‘पाडण्यात आली’ म्हणताच दावा ही वस्तुस्थिती होऊन बसते आणि प्रस्तुत लेखात नेमके तेच झाले आहे. अपघातासाठी वर्तमानपत्रांत रुळलेले ‘कोसळले’ हे क्रियापद शत्रूच्या माऱ्याने पडलेल्या विमानासाठी एकटे वापरले, तर तेथेही कर्ता नाहीसा होतो. ‘माऱ्याने कोसळले’ म्हटले की अडचण राहत नाही.

आता ‘गमावणे’. हे क्रियापद मराठीत जुने आहे. पैसा गमावणे, संधी गमावणे, अब्रू गमावणे हे आपण इंग्रजीकडून शिकलेलो नाही. ज्याचे होते त्याच्या हातून गेले, एवढे ते सांगते. कसे गेले आणि कोणी नेले याविषयी ते गप्प राहते. सैन्याच्या हिशेबाला हे मौन उपयोगी पडते, कारण हिशेबाची वही कारण विचारत नाही, शिल्लक विचारते. जर्मन हवाई दलात प्रत्येक विमानाची हानी टक्क्यांत नोंदवली जाई. हानी ६० टक्के किंवा त्याहून अधिक असली, की ते विमान पटावरून कमी होई. १०० टक्के म्हणजे हाती काहीच न उरलेले, समुद्रात बुडालेले किंवा शत्रूच्या मुलखात पडलेले. चाळणी झालेले एखादे विमान कसेबसे फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कॅलेजवळच्या तळावर पोहोचले आणि तेथे ७० टक्के हानी म्हणून नोंदले गेले, तर ते जर्मनांनी ‘गमावले’, पण ते पडताना एकाही ब्रिटिशाने पाहिलेले नव्हते. मेसरश्मिटला लंडनवर जेमतेम दहा मिनिटे लढता येईल इतकेच इंधन उरत असे. परतताना ते संपून इंग्लिश खाडीत उतरलेली विमानेही याच खात्यात जातात. त्यांच्यासाठी ‘पाडली’ हे क्रियापद चालणारच नाही.

ब्रिटिशांकडे टक्क्यांऐवजी तीन श्रेणी होत्या. तळावरच दुरुस्त होणारे विमान पहिल्या श्रेणीत, कारखान्यात न्यावे लागणारे दुसऱ्या आणि मोडीत काढायचे ते तिसऱ्या श्रेणीत जाई. दुसऱ्या श्रेणीतील विमाने दुरुस्त होऊन मोठ्या संख्येने स्क्वाड्रनांकडे, म्हणजे लढणाऱ्या तुकड्यांकडे, परत येत. म्हणून ‘निकामी झाली’ हा शब्द ब्रिटिश आकड्यांसाठी वापरताना थांबून पाहावे. तात्पुरते ‘नादुरुस्त’ आणि कायमचे ‘निकामी’ हा भेद वर्कशॉपमधला कोणीही मराठी माणूस बोलताना पाळतो, तो लिहिताना का सोडावा?

‘गमावणे’ माणसांना लावताना मात्र फार जपावे, असे मला मनापासून वाटते. ‘त्या दिवशी बारा वैमानिक गमावले’ या वाक्यातून बारा जण मेले, पकडले गेले, बेपत्ता झाले की भाजून महिनोन्महिने इस्पितळात पडले, हे कळत नाही. या लढाईत तो फरक निर्णायक होता. आग्नेय इंग्लंडमधील केंटवर विमानातून उडी टाकलेला ब्रिटिश वैमानिक जखमी नसला तर त्याच संध्याकाळी आपल्या तळावर परत येऊ शके; त्याच शेतात उतरलेला जर्मन वैमानिक युद्धकैदी होई. म्हणजे जिवंत असूनही जर्मन हवाई दलाने त्याला ‘गमावले’ होते. ब्रिटनच्या कारखान्यांतून त्या उन्हाळ्यात दरमहा साडेचारशेहून अधिक लढाऊ विमाने बाहेर पडत होती. तयार वैमानिक मात्र तितक्या वेगाने घडवता येत नव्हते. ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विभागाचे सुमारे २,९०० जण या लढाईत उडाले आणि त्यांतील ५४४ मरण पावले. त्यांच्यासाठी मराठीत ‘कामी आले’ हा शब्द आहे. तो केवळ मृतांसाठी आहे आणि त्यात त्यांच्याविषयीचा आदर आहे. सेनापतीच्या हिशेबातून पाहायचे असेल, तर ‘खर्ची पडले’ आहे. त्या शब्दात थोडी कठोरता आहे, पण ऑगस्टअखेरची ब्रिटिश स्क्वाड्रनांची अवस्था सांगायला तोच मला सर्वांत योग्य वाटतो.

कर्त्यावाचून हानी सांगण्याची रीत मराठीला नवी नाही. पानिपतानंतर पेशव्यांकडे गेलेल्या सांकेतिक पत्राचे पाठ वेगवेगळे मिळतात, पण मोत्ये ‘गळाली’, मोहरा ‘हरपल्या’ ही त्यातील क्रियापदे सर्वांना आठवतात. कोणी मारले हे तेथे लिहिलेले नाही; आपले काय गेले एवढेच लिहिले आहे. ‘जर्मनीची सुमारे ६० विमाने गेली’ हे वाक्य त्याच रीतीचे आहे. म्हणून ‘गमावली’ शुद्ध मराठी असले, तरी प्रत्येक ठिकाणी तेच न घालता ‘गेली’ या साध्या क्रियापदालाही जागा द्यावी. ते कानाला अधिक घरचे लागते आणि विमाने जणू त्या पक्षाच्या गाफीलपणामुळे गेली, अशी जी छटा ‘गमावली’मध्ये कधीकधी डोकावते, तीही टळते.

उलट गाफीलपणाच सांगायचा असेल, तर २२ जून १९४१ घ्यावा. त्या पहाटे जर्मनीने सोव्हिएत संघावर स्वारी केली आणि पहिल्याच दिवशी १,८०० हून अधिक विमानांचा निकाल लावल्याचा दावा केला. त्यांतील सुमारे दीड हजार जमिनीवर, धावपट्ट्यांच्या कडेला ओळीने उभी होती. सोव्हिएत अधिकृत इतिहासानेही सुमारे १,२०० विमाने गेल्याचे आणि त्यांतील ८०० जमिनीवरच गेल्याचे मान्य केले आहे. जी उडालीच नाहीत, ती ‘पाडली’ असे म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी ‘नष्ट केली’ हेच क्रियापद हवे. ही काटेकोरी किरकोळ नाही. विमान जमिनीवर जळते तेव्हा वैमानिक बहुधा वाचलेला असतो, आणि नवी विमाने मिळताच तो पुन्हा उडतो. सोव्हिएत हवाई दल पुढे उभे राहू शकले, त्यामागे हेही एक कारण होते.

‘पाडणे’शी नाद जुळणारा ‘पाडाव’ हा शब्द या संदर्भात सध्या चुकीचा वापरला जातो. ‘शत्रूच्या विमानांचा पाडाव’ म्हणजे ती पाडली, असे अनेकांना वाटते. आज ‘पाडाव’ पराभवाच्या अर्थी रूढ झाला आहे, हे मान्य. पण बखरींत हत्ती, घोडे, उंट ‘पाडाव’ होतात, तेव्हा ते जिवंत हाती लागलेले असतात. या अर्थाची विमानेही असतात. ३ सप्टेंबर १९६५ रोजी भारतीय हवाई दलाचे नॅट हे एक छोटे लढाऊ विमान पाकिस्तानातील पसरूरच्या धावपट्टीवर उतरले आणि त्याचा वैमानिक युद्धकैदी झाला. ते विमान आज कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे. भारताच्या वहीत ते ‘गेले’, पण ते कोणी पाडले नाही आणि ते नष्टही झाले नाही. त्यासाठी ‘पाडाव झाले’ यापेक्षा नेमका शब्द मला सुचत नाही. १९४० साली केंटच्या शेतांत चाकांवाचून उतरलेल्या आणि ब्रिटिशांनी उचलून तपासायला नेलेल्या जर्मन विमानांनाही तो लागू पडेल.

‘लढाऊ विमाने’ या शब्दप्रयोगाकडेही लक्ष वेधतो, कारण लेखातील पहिले वाक्य तेथेही चुकले आहे. ‘लढाऊ’ म्हणजे शत्रूच्या विमानांशी लढणारे, बॉम्बफेकी नव्हे; पण लष्कराचे कोणतेही विमान ‘लढाऊ’ म्हणण्याची सवय आपल्याकडे पडली आहे. १५ सप्टेंबरच्या जर्मन हानीत बॉम्बफेकी विमानांचा वाटा मोठा होता आणि त्यांत प्रत्येकी चार-पाच जण असत, तर एका मेसरश्मिट १०९ मध्ये एकच जण असे. साठ विमाने म्हणजे किती माणसे, हे विमानांचा प्रकार सांगितल्याशिवाय कळूच शकत नाही. हिटलरने दोन दिवसांनी, १७ सप्टेंबरला, ब्रिटनवरील स्वारीचा बेत बेमुदत पुढे ढकलला, त्यामागे ही हानीही एक कारण होती.

प्रश्नकर्त्या वाचकांनी दाखवलेल्या दोन वाक्यांच्या जागी मी असे लिहीन : ‘१५ सप्टेंबर १९४० रोजी जर्मनीची १८५ विमाने पाडल्याचे ब्रिटिश हवाई मंत्रालयाने जाहीर केले. जर्मन नोंदींवरून पाहता त्या दिवशी त्यांची सुमारे ६० विमाने गेली आणि त्यांत बॉम्बफेकी अधिक होती. ब्रिटिशांची गेलेली लढाऊ विमाने तीसच्या आत होती, आणि त्यांच्या वैमानिकांपैकी सुमारे निम्मे वाचले.’