केस झाली, आता पोराला नोकरी लागेल का?

मुलावर केस झाली की आईवडिलांचा पहिला प्रश्न हाच असतो. नागपूरच्या कळमना बाजारात हमाली करणाऱ्या एका वडिलांनीही मला तोच विचारला. सोळा वर्षांचा मुलगा दोस्तांसोबत दुसऱ्याची गाडी काढून फुटाळा तलावावर गेला आणि पकडला गेला.

आधी मी त्यांना 2015 चा बाल न्याय कायदा सांगितला. अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे अशा मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या मंडळापुढे, हजर करावं लागतं. साध्या चोरीची चौकशी 4 महिन्यांत, फार तर आणखी 2 महिन्यांत संपवायची असते. दोष सिद्ध झाला तरी त्यामुळे पुढे अपात्रता येत नाही आणि प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांना ती नोंद उघड करता येत नाही. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलावर खुनासारख्या घोर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालला, तर गोष्ट वेगळी.

वडिलांचा जीव भांड्यात पडला, पण मुलगा गप्पच. पुढच्या कितीतरी भेटींत शर्टाचं बटण पिळत बसायचा. एकदा वडिलांना बाहेर बसवून विचारलं, "घरी कसं चाललंय?"

"बाबा नाव घेऊन हाकच नाय मारत. पाकीट ठेवलं का बहिणीले सांगते, ध्यान ठेव." मग हळूच म्हणाला, "त्या पाकिटाले म्या कधी हात नाय लावला, मॅडम."

त्याच्या परवानगीनं हे वडिलांसमोर आणलं. बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "राग नाय मॅडम, भेव वाटते."

"मग ते त्यालाच सांगा."

"तू जेलात गेला तं म्या पोती कोनासाठी उचलू?"

मुलगा रडला. आणि पहिल्यांदाच गाडीमालकाबद्दल बोलला, "त्या काकाले कामावर पायी जा लागलं असन."

हे वाक्य मी त्याच्या तोंडी घातलं नव्हतं. त्याचीच तर मी वाट पाहत होते. पोराला सतत लाजवलं की त्याला फक्त स्वतःचा अपमान दिसतो. तो ताण उतरला की समोरच्याचं नुकसान दिसू लागतं, आणि सुधारणा तिथून सुरू होते असं माझं ठाम मत आहे. कायदा नोंद मिटवायला तयार असताना घरानं ती रोज वाचून दाखवू नये.

मंडळाची तारीख चुकवू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. मंडळासाठी मुलाच्या घरची माहिती घेणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्यांना घरची परिस्थिती खरी सांगा, त्यांच्या अहवालाला वजन असतं. निकालाची प्रत जपून ठेवा. आणि कोणी मुलाचं नाव किंवा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवत असेल तर लगेच मंडळाला कळवा. त्यासाठी 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.