परभणीत पत्र्याच्या दोन खोल्या आणि हजाराच्या आतला खर्च : नाताळची सजावट घरच्या घरी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आहे, शाळेत पाहून आल्यापासून लेक नाताळचं झाड मागतेय, आणि लाईट धरून सगळं हजारात बसवायचंय. शेवटी भीतभीत हेही विचारलंय, की 'आम्ही ख्रिस्ती नाही, चालेल का?'

न चालायला काय झालं? माझं माहेर जालन्याचं. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, म्हणजे नाताळ आपल्याकडं काही कालपरवा आलेला नाही. आमच्या दारात दिवाळीचा कंदील ज्या खिळ्याला असायचा, डिसेंबर लागला की त्याच खिळ्याला चांदणी चढायची. वायर तीच, होल्डर तोच.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की झाड शेवटी बघा. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, झाड कुठंच नाही. मत्तयानं लिहिलेल्यात तारा आहे, लूकनं लिहिलेल्यात गव्हाणी आहे. झाड आलं जर्मनीतून. दुकानातल्या प्लास्टिकच्या झाडावर निम्मे पैसे घातले तर उरलेल्या घराला काही राहणार नाही.

चांदणीसाठी बुरूडाकडून दोन दोन फुटांच्या दहा कामट्या आणा. गावाकडं मागच्या वर्षीच्या तुराट्या रचून ठेवलेल्या असतील तर त्याही चालतात, फक्त सरळ आणि बिनकिडीच्या निवडा. वाकवायला गेलात की कट्कन मोडतात. पाच कामट्यांची एक चांदणी, लेकरं पाटीवर हात न उचलता काढतात तशी. कामट्या एकमेकींच्या खालून-वरून काढा आणि टोकं सुतळीनं बांधा. अशा दोन चांदण्या एकावर एक ठेवून पाचही टोकं एकत्र बांधा. मग आतल्या पाच फुल्यांपाशी, जिथं कामट्या एकमेकींना छेदतात तिथं, दोन्हींच्या मध्ये पाच-सहा इंचांच्या पाच काड्या उभ्या अडकवा. सपाट चांदणीला एकदम पोट येतं. माझ्या लेकराला सगळ्यात जास्त मजा याच क्षणाची वाटते.

कागद पतंगाचा घ्या. संक्रांत जवळ आल्यामुळं डिसेंबरात तो मिळायला लागतो. पिवळा नाहीतर पांढरा घ्या. गर्द लालमधून उजेडच बाहेर येत नाही. कणकेची खळ शिजवून चिकटवा. मागची एक बाजू बल्ब घालायला मोकळी सोडा.

आत बल्ब अर्ध्या वॅटचा एलईडी, ज्याला आपण झिरोचा म्हणतो तो. रोज सहा तास महिनाभर जळला तरी युनिटचा दहावा भागही होत नाही. जुना ४० वॅटचा बल्ब तेवढ्याच वेळात सात युनिट खातो, आणि कागदाच्या आत तापतो ते वेगळंच. माळ्यावर पडलाय म्हणून तो अजिबात लावू नका.

आता पत्र्याचं. इथं जरा थांबून वाचा. आम्ही एका वर्षी माळ पत्र्याच्या कडेवरून सोडली होती. वाऱ्यानं वायर कडेला घासत राहिली, वरचं आवरण कापलं गेलं आणि पहाटे दवानं ओल्या झालेल्या पत्र्याला माझ्या भावाचा हात लागला. झटका बसून तो मागं फेकला गेला. वाचला, पण त्यानंतर आमच्याकडं पत्र्यावरून उघडी वायर गेली नाही. वायर न्यायचीच असेल तर जाड पाइपातून न्या, पण खिळे ठोकू नका, सुतळीनं बांधा. जोड उघड्यावर ठेवू नका, कारण दव आत शिरतं. एका माळेला दुसरी, दुसरीला तिसरी असं शेपूट वाढवू नका. झोपताना बटण बंद. तुमच्या दोन खोल्यांना खिडकीच्या आतून लावलेली एक पांढरी-पिवळी माळ पुरते. लुकलुकणाऱ्या सात रंगांनी घर लग्नाच्या मांडवासारखं दिसायला लागतं, असं आपलं माझं मत.

पूर्वीच्या बारक्या बल्बांची माळ आठवतेय? एक बल्ब गेला की सगळी माळ आंधळी, कारण करंट एकामागून एक सगळ्यांतून जायचा. पप्पा टेस्टर घेऊन संध्याकाळ घालवायचे. आताच्या एलईडी माळेत एक गेला तर बहुतेक वेळा तेवढाच तुकडा विझतो.

गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मात्र मन लावून करा, आणि त्यात परभणीला काहीच कमी नाही. तुराट्यांचं छप्पर, वर आणि खाली ज्वारीचा कडबा बारीक तोडून. पोळ्याचे मातीचे बैल घरात जपून ठेवले असतील तर तेच गव्हाणीजवळ उभे करा. आमच्याकडं दरवर्षी तेच असतात, एकाचं शिंग मोडलेलं आहे. खरं तर लूकमध्ये बैलही नाही आणि गाढवही नाही. ते परंपरेनं आले. देखावा मांडायची रीतच १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसनं लोकप्रिय केली, आणि त्यानं तर खरीच जनावरं आणली होती. मग आपला मातीचा बैल काय वाईट?

गोठ्यापुढं हिरवं रान हवं असेल तर एका ताटात माती घेऊन गहू पेरा. नवरात्रात घट बसवता तसंच, पण थंडीमुळं उगवायला उशीर लागतो, म्हणून १२ तारखेच्या आसपासच पेरा. आणि बाळ येशूची मूर्ती २४च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायचं नाही. आमच्या घरी ते बाळ तोवर मम्मीच्या कपाटात साड्यांखाली असायचं, आणि कपाट उघडून बघायची कुणाची हिंमत नव्हती. हे तुमच्या लेकीला सांगा, झाडाचा हट्ट निम्मा तिथंच विरेल.

उरलेल्या निम्म्यासाठी पऱ्हाटी आणा. वेचणी उरकलेल्या शेतातून एक छान फांद्या फुटलेली पऱ्हाटी मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. डब्यात वाळू भरून त्यात रोवा. कापूस काढलेल्या बोंडाची टरफलं चार-पाच पाकळ्यांची तपकिरी फुलंच असतात. दोन-चार बोंडांत कापूस तसाच राहू द्या. बर्फ म्हणून कापूस पसरू नका, विशेषतः माळेवर. भुरकन पेटतो. आणि आपल्याकडं बर्फ पडतो कुठं?

लटकवायला जुन्या लग्नपत्रिका घ्या. सोनेरी जाड कागद फुकटात. त्याच्या पट्ट्या कापून चांदण्या, घंटा, साखळ्या करा. गणपतीचं चित्र असतं तेवढा भाग आधी कापून नीट बाजूला ठेवा, त्याच्यावर कात्री नको. जुन्या प्लास्टिकच्या बांगड्यांना लोकर गुंडाळली की कडी होतात. केकसाठी अंडी फोडणार असाल तर टोकाला भोक पाडून आतलं फुंकून काढा, टरफल धुऊन वाळवून रंगवा. चारांतली दोन फुटतील, ते धरूनच चाला.

सजावट ६ जानेवारीपर्यंत राहू द्यायची रीत आहे. चांदणीचा फक्त कागद काढा आणि सांगाडा माळ्यावर टाका, पुढच्या वर्षी कामी येतो. पऱ्हाटी मात्र अंगणाच्या कोपऱ्यात किंवा बांधावर फेकू नका. त्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसलेली असू शकते आणि पुढच्या हंगामात कुणाच्या तरी कपाशीवर जाते. घरात आणण्याआधी दोन दिवस कडक उन्हात ठेवा, अळी दिसलेलं बोंड तोडून जाळा, आणि काम झालं की सरळ बंबात घाला.