“दोष जीन्समध्येच आहे, मग गोळ्यांनी काय होणार?”

तेवीस वर्षांची मुलगी, सोबत आई. पाळी दोन-अडीच महिन्यांनी, हनुवटीवर राठ केस, रिपोर्टवर पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. मोठ्या बहिणीलाही तेच. आई विचारते, “जीनची टेस्ट करून टाकू का? आणि गोळ्यांनी जीन थोडीच बदलणार?”

जीन बदलत नाही, काकू, पण ती किती काम करते ते बदलतं. बीज ज्या पिशवीत वाढतं त्या बीजकोषाच्या (फॉलिकलच्या) बाहेरच्या थरात, थिका पेशींत, सीवायपी१७ए१ ही जीन चालते आणि त्यातून पुरुषी हार्मोन बनतात. तिला हुकूम देतो मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा एलएच हा हार्मोन. आतल्या ग्रॅन्युलोसा पेशींत पिट्युटरीचाच दुसरा हार्मोन, एफएसएच, आला की सीवायपी१९ए१ कामाला लागते. तिचं ॲरोमाटेज हे एन्झाइम त्याच पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन करतं. पीसीओएसमध्ये बऱ्याचदा एलएच जास्त असतो, वाढलेलं इन्सुलिन थिका पेशींना आणखी चेव आणतं, शिवाय यकृतातलं एसएचबीजी, म्हणजे टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन, घटवतं. मग मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं.

घराण्यातून येतो तो कल, आणि तोही अनेक जीन्सचा मिळून. म्हणून पीसीओएससाठी जीन टेस्टवर पैसे घालवू नका.

त्याऐवजी पीसीओएससारखाच दिसणारा ॲड्रिनलचा दोष नाही ना, हे कळायला रक्तातलं १७-ओएच प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बघा: पाळीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सकाळी आठच्या सुमारास. बीज सुटल्यावर रक्त दिलं तर आकडा उगाच वर जातो. मिलिलिटरला २ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीतला, सीवायपी२१ए२ या जीनचा दोष बहुधा नाही. वर आला तर ॲड्रिनलला चालना देणाऱ्या एसीटीएच या हार्मोनचं इंजेक्शन देऊन ६० मिनिटांनी पुन्हा तपासतात. तो दोष ठरला तर मात्र जीन टेस्टला अर्थ आहे. मूल हवं असताना नवऱ्याचीही करावी लागते. हार्मोनच्या गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन मोजलं तर आकडा फसवा येतो. त्या सुमारे तीन महिने बंद हव्यात, पण डॉक्टरांना विचारूनच.

पाळीच्या गोळ्या एलएच दाबतात, एसएचबीजी वाढवतात. केसांवर परिणाम दिसायला किमान सहा महिने लागतात. बहुतेकजणी दुसऱ्याच महिन्यात कंटाळतात. गोळ्या थांबवल्या की एलएच परत येतो, त्याला गोळी फेल गेली म्हणायचं नाही. वजन जास्त असेल तर ५ टक्के उतरलं तरी इन्सुलिन खाली येतं. बारीक मुलीला उपाशी ठेवू नका. पाळी तीन महिने आलीच नाही, तर आधी गरोदरपणाची तपासणी. ती निगेटिव्ह आली की डॉक्टर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन पाळी आणतात, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं.

“आणि मूल?” हे मुलगी आईसमोर विचारत नाही, आई बाहेर गेल्यावर विचारते. बीज सुटत नसेल तर लेट्रोझोल ही गोळी देतात, पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस, बहुधा २.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात. ते ॲरोमाटेज तात्पुरतं अडवतं, इस्ट्रोजेन उतरतं, पिट्युटरी एफएसएच वाढवते आणि बीजकोष वाढू लागतो.